एकापुरतं औषध

बर्मेतने दोन्ही थाळ्या उबवणीच्या पेटीतून काढल्या, खिडकीशी नेल्या आणि उजेडात शेजारीशेजारी धरल्या. झाकणं उघडायची गरजच नव्हती. दोन्हींत हिरवट करडी मखमल पसरली होती, मधोमध दाट, कडेला पांढरी. एकीकडे बोट दाखवून दुसरीचं वर्णन केलं असतं तरी चाललं असतं.

"म्हणजे दोघांनाही आहे," एर्गेशाली दारातूनच म्हणाला. तो अतिदक्षता विभागाचा प्रमुख. मास्कच्या पट्ट्यांचे वळ त्याच्या गालांवर उमटले होते आणि फ्लूची साथ सुरू झाल्यापासून ते पुसले गेलेच नव्हते.

"दोघांच्या बेडक्यात आहे," बर्मेत म्हणाली. "फुप्फुसात आहे की नाही, ते ह्या थाळीला विचारून कळत नाही."

"एजे, फ्लूने आतून सोलून काढलेली माणसं आहेत ही. व्हेंटिलेटरवर आहेत, छातीचे फोटो रोज बिघडताहेत आणि वर ही बुरशी. आणखी काय हवं तुम्हाला?"

"पुरावा हवा. ही बुरशी तुझ्या नाकातही सापडेल. काढू का?"

एर्गेशालीला हसू आलं, पण त्याने ते आवरलं. एजे म्हणजे ताई. आख्ख्या रुग्णालयात बर्मेतला एजे न म्हणणारी माणसं थोडी होती आणि तिच्याशी वाद घालून जिंकलेली त्याहून थोडी. बुरशीच्या प्रयोगशाळेची ती प्रमुख होती. ओशसारख्या शहरात अशी प्रयोगशाळा असावी, हा हट्टही तिचाच. ती सांगायची ते बहुतेक वेळा खरं निघायचं आणि हे तिला ठाऊक होतं. ते लपवायचा प्रयत्नही ती करत नसे.

तिने थाळ्या टेबलावर ठेवल्या. एकीवर मोहिराचं नाव होतं. मोहिरा बाजारामागच्या गल्लीत तंदूरवर नान भाजायची. दुसरीवर नाव होतं सुयुनबायचं. तो डोंगरातल्या गुल्चोकडचा, घोडे पाळणारा, बर्मेतचा थोरला भाऊ.

"औषध एकापुरतंच आहे," एर्गेशाली आवाज खाली आणून म्हणाला. "राजधानी बिश्केकहून निघालेली गाडी खिंडीच्या पलीकडे अडकली आहे. हिमकडा कोसळलाय, रस्ता कधी मोकळा होईल कुणी सांगत नाही. मी म्हणतो, दोघांना अर्धं अर्धं देऊ."

"अर्धं देणं म्हणजे बुरशीला नुसती चव दाखवणं. दोघंही जातील."

"मग तुम्हीच सांगा, कुणाला देऊ."

"कुणाला ते मी सांगणार नाही. कुणाच्या छातीत आहे तेवढं सांगेन. दोघांच्या घशात नळी आहेच. तिच्यातून खोलवर सलाईन सोड, परत ओढून घे आणि ते धुवण मला आणून दे."

एर्गेशालीने एकदा सुयुनबायच्या थाळीकडे पाहिलं.

"त्यांचं हृदय आधीच अडखळतंय. धुताना ऑक्सिजन ढासळला तर?"

"तर थांब. पण ढासळणार नाही. तुझा हात मी पाहिलाय."

तो निघून गेल्यावर बर्मेतने थाळ्या परत पेटीत ठेवल्या. दार लागलं, तरी तिचा हात बराच वेळ मुठीवरच राहिला.

*

व्हरांड्यातल्या बाकावर दोन बायका मांडीला मांडी लावून बसल्या होत्या. एक बर्मेतची वहिनी ऊलकान आणि दुसरी मोहिराची आई हबीबा. आठवडाभरात त्या एकमेकींच्या इतक्या सवयीच्या झाल्या होत्या की चहाच्या थर्मासचं झाकण दोघींत एकच चालायचं. हबीबाने नान मोडला, अर्धा ऊलकानच्या मांडीवर ठेवला आणि म्हणाली, "खा. आज शेजारणीने भाजलाय. माझी पोर असा कच्चा काढत नाही."

बर्मेत दिसताच ऊलकान उठली आणि तिला दंडाला धरून जिन्याकडे घेऊन गेली.

"औषध एकच आहे म्हणे."

"कुणी सांगितलं, जेंगे?" वहिनीला ती जेंगे म्हणायची.

"भिंतींनी सांगितलं. खरं की खोटं?"

"खरं."

"मग बोलायचं काय राहिलं? तुझा भाऊ आहे तो आत." ऊलकानने डोक्यावरचा लोकरी रुमाल मागे सारला. "शाळेच्या पहिल्या दिवशी तुला घोड्यावर पुढ्यात बसवून खिंड कुणी उतरवली? बाप नको म्हणत होता. हाच भांडला बापाशी. शिकली, मोठी झाली, दारावर पाटी लागली. आता त्या पाटीचा काही उपयोग होऊ दे की."

"तपासणी चालू आहे. त्याला बुरशी झाली असेल तर—"

"बुरशी, बुरशी! अगं, नसेल झाली तरी दे. जास्तीचं दिलं तर काय बिघडणार आहे?"

"त्याचं हृदय बिघडेल. हे औषध ठोका चुकवतं आणि त्याचा तो आधीच चुकतोय."

ऊलकानने तिच्याकडे पाहिलं. बाजारात घोड्याच्या तोंडात बोट घालून दात पाहावेत, तशी.

"लहानपणापासून तुझ्याकडे उत्तर तयारच असतं," ती म्हणाली आणि बाकाकडे परत गेली. हबीबाने सरकून तिला जागा दिली. काय बोलणं झालं ते तिने विचारलं नाही, नुसता चहा ओतला.

*

धुवणाच्या दोन बाटल्या आल्या, तेव्हा बर्मेतने त्या हातात घेतल्या नाहीत.

"नेल्ली, नावं काढ," ती म्हणाली. "एकीवर लाल ठिपका लाव, एकीवर निळा. कुठला कुणाचा ते मला सांगू नकोस. शेवटपर्यंत सांगू नकोस."

नेल्ली ही तिची जुनी सहकारी. बर्मेतइतकीच शिकलेली आणि तिच्याहून कमी बोलणारी. तिने चष्म्यावरून पाहिलं.

"इतक्या वर्षांत असं कधी केलं नाहीस. स्वतःवर विश्वास उरला नाही का?"

"आहे ना. पण ह्या डोळ्यांना एक भाऊ आहे, त्याचं काय करू?"

नेल्ली पाठ फिरवून कामाला लागली. बाटल्या फिरवून तळाला बसलेला गाळ काढला, काचपट्ट्यांवर पसरला, त्यावर निळ्या प्रकाशात चमकणारा रंग टाकला. उरलेलं पाणी दुसऱ्या चाचणीसाठी बाजूला ठेवलं. बुरशी जिवंत मांसात वाढू लागली की तिच्या कवचातली एक साखर भोवतालच्या पाण्यात उतरते. ती साखर ही चाचणी शोधून काढते. थाळीवर उगवायला एखादी चुकार कणी पुरते, पण कणी म्हणजे नुसतं बी. ते बी रुजलं की नाही, हे तंतूंवरून कळतं आणि साखरेवरून कळतं. बर्मेत हे विद्यार्थ्यांना दरवर्षी सांगायची. आज तिने ते मनात पुन्हा एकदा म्हटलं आणि दिवे मालवले.

निळी पट्टी आधी. काळ्या अंधारात पेशींचे ढीग, फ्लूने खरवडून काढलेल्या अस्तराचे तुकडे, इकडेतिकडे एखादी गोल चमकती कणी. तंतू नाही. तिने पट्टी वरून खाली, डावीकडून उजवीकडे, शेतात नांगर फिरवावा तशी सगळी पालथी घातली. नाही. दुसरी पट्टी घेतली. तीही तशीच. उठून तिने हात धुतले, पुसले, पुन्हा धुतले.

मग लाल. भिंग नीट बसायच्या आतच ते दिसले. निळसर पांढरे, सरळ, आडव्या पडद्यांनी पेरापेरांत भागलेले आणि प्रत्येक फाटा एकाच बाजूला झुकून फुटलेला, चिमटा जेमतेम उघडावा तसा. एके ठिकाणी त्यांचा झुपकाच होता. पेशींच्या ढिगात घुसलेला.

"लाल, आहे. निळा, नाही," बर्मेत म्हणाली. "तू बघ."

नेल्लीने तिच्या खुर्चीत बसून दोन्ही पट्ट्या पाहिल्या, सावकाश, आपल्या पद्धतीने. साखरेच्या चाचणीचं यंत्र कोपऱ्यात घरघरत होतं. त्याचा आकडा आला. लालचा भरपूर वर, निळ्याचा जवळजवळ नाहीच.

"मला काही वेगळं दिसत नाही," नेल्ली म्हणाली. "आता सांगू?"

"सांग."

"लाल म्हणजे मोहिरा."

बर्मेतने चष्मा काढला आणि पदराइतक्या मऊ झालेल्या कोटाच्या टोकाने पुसू लागली. काचा स्वच्छच होत्या. भावाच्या थाळीत मग ती मखमल आली कुठून, हेही तिला आता लख्ख दिसत होतं. तळघरात ठेवलेला, ओल लागलेला जुना चारा हिवाळाभर तो स्वतः झटकून घोड्यांना घालायचा. नाकातोंडात, घशात त्या धुळीचे थर बसलेले असणार. बी होतं, पण रुजलं नव्हतं. त्याला जे झालं होतं तो फ्लू होता, आणि पुढे काय होणार ते त्याच्या छातीवर अवलंबून होतं.

तिने एर्गेशालीला फोन लावला.

"सगळं औषध मोहिराला. पूर्ण मात्रेत, आत्ता. सुयुनबायला बुरशी झालेली नाही. दोन दिवसांनी त्याचं धुवण पुन्हा पाठव, मी पुन्हा बघेन."

पलीकडे कागदावर पेन खरखरलं.

"एजे, घरी काय सांगाल?"

"हेच," बर्मेत म्हणाली.

आणि तिने खरोखरच तेच सांगितलं, बाकापाशी उभं राहून, दोघींच्या देखत. हबीबाने तोंडावर दोन्ही हात फिरवून देवाचे आभार मानले आणि लगेच ओशाळून ऊलकानकडे पाहिलं. ऊलकानने थर्मास उचलला, रुमाल सारखा केला आणि जाऊन बाकाच्या पार दुसऱ्या टोकाला बसली.

"तुला एकच भाऊ आहे," ती बर्मेतला म्हणाली. "उद्या कदाचित तोही नसेल. मग निवांत भिंग लावून बसत जा."

*

सुयुनबायचं दुसरं धुवणही स्वच्छ आलं. त्यानंतरचे दिवस कुणाला नीट आठवत नाहीत. मोहिराचा ताप उतरायचा आणि पुन्हा चढायचा. सुयुनबायचं हृदय एकदा असं भरकटलं की एर्गेशालीने तासभर त्याच्या खाटेची कड सोडली नाही. बर्मेत रोज अतिदक्षता विभागाच्या काचेपाशी यायची, भावाच्या छातीचा वरखाली होणारा भाता पाहायची आणि खाली जाऊन इतरांच्या काचपट्ट्या तपासायची. ऊलकान तिच्याशी बोलत नसे. बर्मेत मात्र रोज तिच्या बाजूला गरम सूप ठेवायची. संध्याकाळी भांडं रिकामं असायचं.

आधी मोहिराची नळी निघाली. मग सुयुनबायची. त्याने पहिला शब्द उच्चारला तो घोडीचं नाव होतं आणि त्यावर ऊलकान विभागाच्या दारात उभी राहून इतकी रडली, इतकी हसली, की परिचारिकेने तिला पाणी आणून दिलं.

*

उतारावरचा बर्फ वितळून चिखल झाला, तेव्हा सुयुनबायने घरी मेंढरू कापलं आणि सगळ्या गावाला जेवायला बोलावलं. बर्मेत पोचली तोवर अंगणात कढई उकळत होती, बायका पिठाचे तुकडे तळून बोर्सोकचे ढीग रचत होत्या आणि सुयुनबाय काठी टेकत पाहुण्यांमधून फिरत होता. मुलं आधार द्यायला गेली की तो कोपराने झटकून टाकायचा. "मी काय म्हातारा झालोय?"

जेवणाच्या वेळी मानाचं हाड कुणाला, हे ऊलकान ठरवत होती. वडीलधाऱ्या बायकांना ओलांडून तिने ते बर्मेतच्या पुढ्यात ठेवलं. अंगणभर माना वळल्या. मग तिने बर्मेतला हाताला धरून आतल्या खोलीत नेलं, दार लोटलं आणि घट्ट मिठी मारली.

"तेव्हा नाही नाही ते बोलले तुला," ती कानाशी म्हणाली. "माफ कर. मला काय माहीत, तू सगळ्यांसमोर तसं बोलतेयस आणि आतून गुपचूप देतेयस ते."

"काय देतेय?"

"आता माझ्यापाशी तरी नको. औषध गं! त्या पोरीच्या बाटलीतून थोडं थोडं. नाहीतर माणूस असा मरणाच्या दारातून उठतो का?"

"जेंगे, मी काहीही दिलेलं नाही. त्याला ते लागतच नव्हतं."

ऊलकानने डोळा मारला. "अगदी बरोबर. असंच सांगायचं. तुझ्या नोकरीचा प्रश्न आहे, कळत नाही का मला?"

"अहो, ऐका तरी—"

"ऐकलं. कुणाला म्हणजे कुणाला बोलणार नाही मी. आणि काळजी करू नकोस, त्या हबीबाकडेही आख्खी मांडी पाठवलीय मेंढराची, वर मधाची बरणी. पोरीचं औषध आपण खाल्लं, एवढं तर द्यायलाच हवं."

बर्मेतचं म्हणणं खोडून काढू पाहणारी माणसं आयुष्यात बरीच भेटली होती. असं मान्य करून मोडीत काढणारं हे पहिलंच. ऊलकानने तिचा गाल कुरवाळला. लग्न होऊन ह्या घरात आल्यापासून तिने तो कधी कुरवाळला नव्हता.

*

जेवणं उरकल्यावर सुयुनबाय म्हणाला, "चल, घोडी दाखवतो." तो पुढे आणि बर्मेत मागे, अशी दोघं घरामागचा चढ चढून कुंपणापाशी आली. त्याला धाप लागली होती, पण तो ती आवाज न करता टाकत होता. घोडी कुंपणाच्या खांबाला मान घासत होती. तिचं पोट उतरलं होतं. आठवड्याभरात विणार.

"जुना चारा टाकून दिलास का?"

"दिला. तुझा एर्गेशाली दर दोन दिवसांनी फोन करून तेच विचारतो." त्याने घोडीच्या कपाळावर हात ठेवला. "ऊलकान सांगते ते खरं का? दिलं होतंस?"

"नाही."

"थेंबभरसुद्धा?"

"थेंबभरसुद्धा नाही, दादा. तुला बुरशी झालीच नव्हती. घशात होती, छातीत नव्हती."

त्याने पाठ ताठ केली.

"म्हणजे मी आपला आपण उठलो."

"आपला आपण, आणि एक व्हेंटिलेटर, आणि एर्गेशालीचे पिकलेले केस."

तो हसला, हसता हसता खोकला आणि खोकला थांबल्यावर घोडीकडेच पाहत म्हणाला, "आणि झाली असती तर? तिलाही आणि मलाही?"

हा प्रश्न बर्मेतला कुणी विचारला नव्हता. एर्गेशालीने नाही, नेल्लीने नाही. ती स्वतःही काचपट्टीच्या कडेवरून जावं तशी त्याला वळसा घालून आली होती.

"औषध एकच होतं," ती म्हणाली.

"ते माहीत आहे. म्हणून तर विचारतोय."

खाली अंगणात कढई घासण्याचा आवाज येत होता. बर्मेतने दोन्ही हात कुंपणाच्या आडव्या फळीवर ठेवले.

"एर्गेशालीने मला विचारलं असतं. मी म्हटलं असतं, मुलीला द्या. तिची जगण्याची शक्यता जास्त होती. तुझं हृदय त्या औषधापुढे टिकणार नाही, असंही म्हटलं असतं, आणि ते खरं आहे." ती थांबली. "पण तुझं हृदय धडधाकट असतं, तरी मी मुलीलाच म्हटलं असतं."

ती हे ज्या आवाजात बोलली त्याच आवाजात रोज निकाल सांगायची.

घोडीने सुयुनबायच्या खांद्यावर तोंड टेकलं, ते त्याने तसंच राहू दिलं.

"हे ऊलकानला सांगू नकोस," शेवटी तो म्हणाला. "तिला तू आत्ता कुठे आवडायला लागली आहेस."

"मी तिला खरंच सांगत होते. ती ऐकत नाही."

"ऐकणार नाहीच. तिच्यासाठी ते तसंच बरं आहे."

वाऱ्यात गारठा होता. त्याने टोपी खाली ओढली, काठी उचलली आणि उताराच्या तोंडाशी येऊन उभा राहिला. खालचा चिखल उन्हात चकाकत होता. बर्मेत त्याच्या मागे दोन पावलं थांबली. आधार द्यायला गेलेल्या मुलांचं काय झालं होतं ते तिने सकाळपासून पाहिलं होतं.

त्याने मागे वळून पाहिलं नाही. नुसतं कोपर अंगापासून थोडं दूर केलं.

"धर," तो म्हणाला. "इथे घसरतं."